चिंचेचा पाय

“पाय कशाला हवाय?” मास्तरांनी विचारलं.

“आवाजासाठी.”

“आवाज तर आहे तुझ्याकडे.”

“पोचत नाही.”

“कुठे पोचत नाही?”

यशोधन कीर्तिकर जरा गोंधळला. त्याला वाटलं होतं, मास्तर लांबी विचारतील, जाडी विचारतील, लाकूड कुठलं हवं ते विचारतील.

“शेवटच्या रांगेपर्यंत,” तो म्हणाला.

“आणि पहिल्या?”

...

यशोधन डबल बेस वाजवायचा. व्हायोलिनच्या कुळातलं सगळ्यांत थोरलं वाद्य. माणसापेक्षा उंच, त्याला कवेत घेऊन उभ्याने वाजवायचं. ते सगळं धूड जमिनीवर टेकतं ते तळातून बाहेर आलेल्या एका दांड्यावर. बाजारात हा दांडा लोखंडाचा मिळतो, टोकाला रबर लावलेला. इनास मास्तर तो लाकडाचा करून देत, आणि त्याला नुसतं ‘पाय’ म्हणत.

मास्तरांनी उमेदीची वर्षं मुंबईत हेच वाद्य वाजवण्यात घालवली होती. स्टुडिओत, लग्नांत, चर्चमध्ये. मग संधिवाताने बोटं आखडली. ते सावंतवाडीच्या पुढे, खाडीकाठच्या आपल्या गावी परत आले. लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडे लेथ शिकले आणि पाय करू लागले. मुंबईचे, पुण्याचे, गोव्याचे वादक पत्ता विचारत यायचे. मास्तर आधी माणूस बघायचे, तो उभा कसा राहतो ते बघायचे, मग लाकूड.

घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण फिलोमिना. तिला सगळं गाव फिलूबाय म्हणायचं.

फिलूबायने चहा आणला. यशोधनने डावा हात बेसभोवती तसाच ठेवला आणि उजव्या हाताने कप घेतला.

“आडवा ठेव ना त्याला,” मास्तर म्हणाले.

“असू दे.”

“चहा सांडेल.”

“सवय आहे मला.”

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

“आमच्या सरांचा आहे हा,” यशोधन म्हणाला. “जाताना त्यांनी मला दिला. शिष्य खूप होते त्यांचे. दिला मला. तेव्हापासून कुणाला हात लावू दिला नाही मी. कधी आपटला नाही, कधी साधा ओरखडा नाही.”

“बरं.”

“सरांनीसुद्धा जन्मभर फुलासारखा जपला.”

“बरं,” मास्तर पुन्हा म्हणाले. “वाजव.”

यशोधनने वाजवलं. त्याच्या बोटांत तयारी होती आणि ती त्याला ठाऊक होती. कठीण जागा त्याने मुद्दाम निवडल्या. मास्तरांची नजर तारांवर नव्हती, गजावरही नव्हती. त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर होती.

वाजवणं संपलं.

“छान,” मास्तर म्हणाले.

“नुसतं छान?”

“बोटं छान आहेत... वाद्य कोणी धरलं होतं?”

“मी.”

“आणि वाजवत कोण होतं?”

“मीच.”

“दोन्ही कामं तूच?”

यशोधन हसला. “दुसरं कोण करणार, मास्तर?”

मास्तर हसले नाहीत.

“अंगठा कधीपासून दुखतोय?”

“कोण म्हणालं दुखतोय?”

मास्तरांनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

अंगठा दुखत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद्य काही महिने बंद ठेवा, नाहीतर पुढे हा हात कपसुद्धा धरणार नाही. यशोधनने हे घरीही सांगितलं नव्हतं. मुंबईतल्या ज्या वाद्यवृंदात तो बेसवाल्यांच्या पहिल्या जागी बसायचा, तिथल्या संचालकाने मागच्या कार्यक्रमानंतर त्याला बाजूला घेऊन म्हटलं होतं, “कीर्तिकर, तू मला दिसतोस. ऐकू येत नाहीस.” दिवाळी झाली की नव्या हंगामाच्या तालमी सुरू होणार होत्या. पहिली जागा राहील की जाईल, ते तेव्हा ठरणार होतं.

तो वाट काढत इथवर आला होता तो यासाठी. पण म्हणाला होता एवढंच, की आवाजासाठी पाय हवाय.

“हात सोड,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“डावा हात काढ. अंगावर रेलून राहू दे त्याला.”

यशोधनने पंजा उचलला. कोपर तिथेच राहिलं, गुडघाही.

“तेही काढ.”

“पडेल.”

“पडेल?”

“मास्तर, माझा पाय सरळ आहे. सरळ पायावर वजन डाव्या हातावरच येतं. पाय तिरका असेल तर वाद्य मागे रेलतं आणि आपोआप तोललं जातं. एवढं मलाही कळतं. म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

“अगदी बरोबर,” मास्तर म्हणाले.

यशोधनला बरं वाटलं.

“तिरक्या पायासाठी तळाला नवं भोक पाडावं लागेल,” मास्तर म्हणाले. “तिरकं भोक. गिरमिट आहे माझ्याकडे.”

यशोधनचा चेहरा उतरला.

“सरांच्या वाद्याला भोक?”

“नको?”

“नाही. भोक नाही पाडायचं.”

मास्तर उठले. पडवीच्या आढ्याला फांद्या टांगलेल्या होत्या. खैर, शिसव, जांभूळ, चिंच. कित्येक वर्षं तिथेच सुकत असलेल्या. मास्तरांनी काठीने एक फांदी खाली ओढली. मनगटाएवढी जाड, आणि मध्येच एका बाजूला वळलेली.

“चिंच,” ते म्हणाले. “वारा अंगावर घेत वाढली, म्हणून वळली. हिला आहे तेच सरळ भोक चालेल. वाकणं हिच्या अंगातच आहे.”

“पण ही लेथवर कशी चढणार?”

“नाही चढणार. हाताने करावी लागेल.”

“किती दिवस?”

“तुला घाई आहे?”

“आहे.”

“मग थांब इथेच,” मास्तर म्हणाले. “घाई असलेला माणूस जवळ असलेला बरा.”

यशोधन राहिला.

मास्तर पटाशीने, मग कानशीने, मग काचेच्या तुकड्याने ती फांदी उतरवत गेले. तिचा वाक त्यांनी जसाच्या तसा ठेवला. आखडलेल्या बोटांनी काम हळू व्हायचं. मधूनच ते यशोधनला उभं करायचे, त्याच्या कमरेला हात लावून बघायचे, टाचा बघायचे आणि पुन्हा खाली बसायचे. पाय तयार झाला तेव्हा तो दांड्यासारखा दिसत नव्हता. एखाद्या प्राण्याने चालता चालता उचललेल्या पावलासारखा दिसत होता.

लोखंडी पाय काढून तो बसवला.

यशोधन उभा राहिला. बेस मागे रेलला, त्याच्या कमरेला आणि खांद्याला टेकला. वजन गेलं. खरंच गेलं. त्याला क्षणभर आपण काहीच धरलेलं नाही असं वाटलं, आणि त्याने पटकन धरलं.

“हात सोड,” मास्तर म्हणाले.

“सोडतो.”

“सोड ना.”

पंजा सुटला. अंगठा सुटला नाही.

“थोडा पुढे जातोय हा,” यशोधन म्हणाला. “वाक जास्त झालाय.”

मास्तरांनी पाय काढला, आणखी तासला, पुन्हा बसवला.

“आता मागे जातोय.”

मास्तरांनी पुन्हा तासला.

“आता डावीकडे.”

फिलूबाय दारात येऊन म्हणाली, “पेज निवता हां.” दोघंही जेवायला गेले. जेवताना यशोधनने बेस भिंतीच्या कोपऱ्यात आपल्या पाठीला लागेल असा ठेवला होता.

दुपारी मास्तरांनी दुसरी फांदी घेतली. खैराची. तिचा पाय केला. तो जड झाला, असं यशोधन म्हणाला. मग जांभळाचा. त्याचा आवाज बसका येतो, असं म्हणाला. असे दिवस गेले. मास्तर प्रत्येक वेळी ऐकून घेत, आणि पुन्हा तासायला बसत. त्यांची बोटं संध्याकाळी सुजायची. फिलूबाय गरम पाण्याचं घंगाळ पुढे सरकवायची आणि यशोधनकडे बघायची.

एकदा यशोधनचा संयम सुटला.

“नेव्हिलला तुम्ही एका दिवसात पाय करून दिलात!”

नेव्हिल त्याच्याच सरांकडे शिकलेला. अलीकडे लोक त्याच्या आवाजाबद्दल बोलायचे.

“हो,” मास्तर म्हणाले.

“मग मलाच का एवढा वेळ?”

“त्याने पहिल्याच दिवशी सोडला.”

“काय?”

“हात.”

“तुमचं म्हणणं, खोट माझ्यात आहे,” यशोधन म्हणाला.

“मी तसं म्हणालो नाही.”

“मग खोट पायात आहे?”

“असेल,” मास्तर म्हणाले. “अजून एक करून बघू.”

“तुम्ही दर वेळी हेच म्हणता! एकदा तरी सांगा ना, ‘कीर्तिकर, तू चुकतोयस!’”

“सांगितलं तर सोडशील?”

यशोधनने गज खाली ठेवला. तो अंगणात गेला आणि बराच वेळ खाडीकडे तोंड करून उभा राहिला. अंगठ्यातली कळ आता कोपरापर्यंत जाऊ लागली होती. उद्या निघावं, असं त्याने ठरवलं. पहिला, चिंचेचा पाय घ्यावा, मास्तरांचे आभार मानावेत, निघावं.

सकाळी तो शेवटचं म्हणून वाजवायला उभा राहिला. चिंचेचाच पाय लावला होता. मास्तर पडवीत एका तिपाईवर चढले होते. आढ्याच्या अगदी टोकाला आणखी एक फांदी होती, ती काठीने येईना.

“मास्तर, राहू दे आता,” यशोधन गज न थांबवता म्हणाला. “हाच घेऊन जातो मी.”

“हा बघ... आलाच हाताला...”

तिपाईचा एक पाय कलला.

यशोधनला पुढे कधीच नीट आठवलं नाही, की त्याने काय केलं. आठवत होतं ते एवढंच, की मास्तरांचा सदरा हवेत उडाला, आणि मग मास्तर त्याच्या दोन्ही हातांत होते. जमिनीपासून वीतभर वर. हलके. भुशाचा आणि घामाचा वास असलेले.

मग मागे आवाज झाला.

आधी लाकूड फुटल्याचा. मग तारांचा. खर्जाची तार उशिरापर्यंत घुमत राहिली, जणू कुणी बंद दारामागून बोलतंय.

“मास्तर, लागलं का?”

मास्तरांनी यशोधनचा दंड घट्ट धरला होता.

“लागलं का कुठे? बोला ना!”

“नाही,” मास्तर म्हणाले. “घाबरलो मी.”

“काय झाला रे?” फिलूबाय धावत आली. तिने भाऊ बघितला, तिपाई बघितली. “तां स्टूल फेकून दी म्हणान कितके वेळा सांगलंय तुका!” मग तिला जमिनीवर पडलेलं दिसलं, आणि ती तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

यशोधनने मास्तरांना भिंतीला टेकवून बसवलं. पाणी आणून दिलं. ते प्यायले का, ते पाहिलं. आणि मग तो वळला.

बेसची मान खांद्यापासून तुटली होती. तारांनी ती कशीबशी लोंबकळत होती. तारा उचलून धरणारी घोडी दूर भिंतीपाशी जाऊन पडली होती.

तो त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. फळीचा एक कपचा उचलला. पुन्हा होता तिथे ठेवला.

“बेस पडला,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“धरला नाहीस?”

“तुम्हाला धरलं.”

मास्तरांनी मान हलवली. ते भिंतीला धरून उठले, सावकाश त्याच्यापाशी आले आणि खाली बसले. दोघांच्या मध्ये ते मोडलेलं वाद्य होतं.

“ये इकडे,” मास्तर म्हणाले. “जरा उजेडात घेऊ या मान.”

त्यांनी तारा सैल केल्या. तुटलेला भाग खिडकीकडे वळवला. आत, फुटलेल्या पांढऱ्या लाकडाच्या मधोमध, एक काळपट पट्टा होता. सुकून काचेसारखा झालेला जुना सरस. आणि त्यातून आरपार गेलेली करंगळीएवढी लाकडी खुंटी.

यशोधन वाकून बघत राहिला.

“हे काय?”

“हे कुणीतरी आधी जोडलंय.”

“म्हणजे...”

“हा आधीही पडलाय.”

“नाही,” यशोधन म्हणाला. “सरांनी कधी... सर म्हणायचे...”

त्याने त्या खुंटीवरून बोट फिरवलं. खुंटी हाताने तासलेली होती, थोडी वेडीवाकडी. सरांना सुतारकाम येत नव्हतं. आणि तरी त्या खुंटीच्या टोकाला पेन्सिलने काढलेली एक बारीक फुली होती. सर गजावर, खुर्चीवर, छत्रीवर आपली खूण म्हणून तीच फुली काढायचे.

यशोधन रडला नाही. त्याला हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि तो बाहीने पुसत राहिला.

“मला म्हणाले नाहीत कधी.”

“कुणाला धरायला धावले असतील,” मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरस शिजवायला ठेवला.

आता काम दोघांचं होतं. मास्तरांच्या बोटांना जोर देता येत नव्हता, यशोधनच्या अंगठ्याला. एकाने धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. जुनी खुंटी काढायला यशोधन तयार होईना. मग मास्तरांनी तिच्या शेजारी दुसरी बसवली, आणि यशोधनने ती स्वतः तासली. तीही थोडी वाकडीच झाली. मान बसवली, दोरीने आवळून बांधली आणि सुकायला ठेवली.

“आता काय करू?” यशोधनने विचारलं.

“काही नाही.”

“किती दिवस?”

मास्तरांनी खांदे उडवले.

यशोधनला आयुष्यात पहिल्यांदा धरायला काही नव्हतं. पहिले दिवस त्याचा डावा हात शरीराशी दुमडलेलाच असायचा, हवेतल्या कशाभोवती तरी. मग तो हळूहळू खाली आला. तो फिलूबायला विहिरीवरून पाणी आणून द्यायचा, उजव्या हाताने, मग दोन्हींनी. मास्तरांच्या शेजारी बसून कानस चालवायला शिकला. मोडक्या तिपाईचा पाय त्याने नवा करून बसवला. फिलूबाय त्या तिपाईवर दोनदा बसून बघूनच मग बोलली, “आता ऱ्हवांदे.” संध्याकाळी तो खाडीकाठी जायचा आणि नुसता उभा राहायचा. अंगठा दुखायचा कमी झाला, ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

दिवाळी आली आणि गेली.

एका सकाळी मुंबईहून फोन आला. तो पडवीच्या टोकाला जाऊन बोलला. परत आला तेव्हा मास्तर काच घेऊन एक पाय घासत होते.

“तालमी सुरू झाल्या,” यशोधन म्हणाला.

“हं.”

“पहिल्या जागी दुसऱ्याला बसवलंय. मला मागे जागा आहे म्हणाले. येणार असशील तर.”

मास्तरांनी हात थांबवला.

“काय म्हणालास?”

“येतो म्हणालो.”

मास्तर पुन्हा घासू लागले. यशोधन त्यांच्या शेजारी बसला. त्याला वाईट वाटत होतं, आणि तो ते लपवत नव्हता.

“नेव्हिलला बसवलंय,” तो म्हणाला.

“चांगला वाजवतो.”

“हो,” यशोधन म्हणाला. त्याने जमिनीवरचा भुसा बोटाने बाजूला केला. “...चांगला वाजवतो.”

सरस सुकला. त्यांनी दोरी सोडली, घोडी उभी केली, तारा चढवल्या. तळाला चिंचेचा पाय बसवला. यशोधनने तो या दिवसांत आणखी थोडा उतरवला होता, स्वतःच्या हाताने, कुणाला न विचारता. टोकाला रबर लावायला घेतलं तेव्हा त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. त्याने रबर बाजूला ठेवलं.

लाकूड जमिनीच्या फळ्यांवर टेकलं.

“वाजवू?”

“मला काय विचारतोस?”

यशोधनने गज उचलला. त्याने कठीण काही वाजवलं नाही. सर शिकवायला सुरुवात करायचे तो पहिला धडा, लांब लांब स्वर, एकामागून एक. मान जोडलेल्या जागी काही करकरतं का, इकडे त्याचे कान होते, म्हणून तो हळूच वाजवत होता.

आतून फिलूबायचा आवाज आला, “कोण आसा थंय? फळीवरची भांडी वाजतत मां!”

मास्तरांनी दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकवली. डोळे मिटले.

यशोधन वाजवत राहिला. एका स्वरावर त्याच्या नाकाशी माशी आली. ती त्याने डाव्या हाताने वारली. बेस जागेवर होता, त्याच्या अंगाला टेकून, झोपलेल्या मुलासारखा. उघडी तार, बोट न लावता, गजाखाली चालू होती. मग त्याला कळलं, आपण आत्ता काय केलं ते. गज थांबला.

मास्तरांनी डोळे उघडले नाहीत.

“थांबलास का?” ते म्हणाले.

तो पुन्हा वाजवू लागला.

निघायच्या दिवशी फिलूबायने त्याला वाटेत खायला केळीच्या पानात बांधून दिलं. त्याला हायवेपर्यंत सोडायला गावातला टेम्पो आला होता. टेम्पोवाल्याने बेस उचलायला हात पुढे केला. यशोधन क्षणभर थांबला.

“खालून धर,” तो त्याला म्हणाला. “जड आहे.”

दोघांनी मिळून बेस टेम्पोत आडवा ठेवला. यशोधनने त्याच्याखाली पोतं घातलं, आणि मागे वळून मास्तरांच्या पाया पडला. मास्तरांना ते आवडत नसे. त्यांनी त्याला अर्ध्यातच उठवलं.

“अंगठ्याला जप,” ते म्हणाले.

“हो.”

टेम्पो सुरू झाला. यशोधन चढला, आणि पुन्हा उतरला.

“मास्तर, एक विचारायचं राहिलं.”

“विचार.”

“रबर लावलेलं नाही. लाकूडच आहे ते. रोज वाजवायचं म्हणजे टोक घासणार. झिजत जाणार.”

“जाईल.”

“मग?”

मास्तरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

“तेवढा जमिनीच्या जवळ येशील.”